गोगलगायीच्या झाकणाचा डबा

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

डबा खरा पडला कितीला? मोडीत धरले तीनशे वीस. डबा घेऊन आलेल्या नशिराबादच्या बाईला नव्या कुकरवर शंभर जास्त सोडले — घासाघीस लांबली असती तर बाजूच्या गिऱ्हाइकाचं लक्ष गेलं असतं! पॉलिशचे साठ. आणि समोरच्या दुकानातल्या पन्नालालजींशी खोटं बोललो, ते वेगळंच. एकूण स्वस्तात पडला.

बाई म्हणाली, "जर्मनचा आहे, भाऊ. कुणी वापरत नाही. झाकणही नाही त्याला." आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, तसं तिनं म्हटलं. मी टिचकी मारली. ॲल्युमिनियम हलकं वाजतं, पोकळ. हा वाजलाच नाही — ओल्या मातीवर थाप मारावी तसा. कडेच्या नक्षीतलं एक पान जरा वाकलं होतं, ते हळूच सरळ केलं, तर आतून बारीक करकरलं. कथील! वाकवलं की रडतं ते. चेहरा तसाच ठेवला आणि म्हणालो, "बघू, मोडीत घालू."

चाळीस वर्षं भांड्यांत आहे. बोदवडच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं टाकत होतो, तेव्हापासून. डोळे मिटून टिचकी मारतो आणि धातू सांगतो. या कानाला फसवेल असं भांडं अजून घडायचं आहे!

नेहमीप्रमाणे आधी तळ दुकानातल्या मगनकडे पॉलिशच्या मशीनवर दिला. मोडीतलं चांगलं भांडं ठेवायचं तर पहिलं काम तेच — जुनं नाव उडवायचं. नाहीतर उद्या कुणीतरी येऊन म्हणतो, हे आमच्या आत्याचं! तळ आता आरशासारखा झालाय.

आज लाभपंचमी, पन्नालालजींनी दिवाळीनंतर दुकान उघडलं. राम राम करायला गेलो, सुपारीच्या हिरव्या डब्यावर टिचकी मारली. त्यांनी सुपारी दिली आणि विचारलं, "अभिमनभाऊ, गाल का चमकतात आज?"

"दिवाळीचा फराळ!" म्हटलं. हेच ते खोटं.

७ नोव्हेंबर

रिठ्याच्या पाण्यात रात्रभर ठेवला. काय काम आहे! चारी बाजूंनी बोरूसारखी लांब पानं, मध्ये चतुर बसलेला, पंखांच्या शिरासुद्धा दिसतात. आणि आत तळाशी उठावाची अक्षरं, इंग्रजी. फोटो काढून दिपमालाला पुण्याला पाठवले. तिचं उत्तर — "पप्पा, ऑफिसात आहे." बरं!

९ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं! सापडलं!

जर्मनीचाच निघाला! खऱ्या जर्मनीचा! दिपमालानं फोटोवरून शोधलं. क्रेमलिंग आणि पुत्र. डोंगरातलं एक लहान गाव, तिथला घरचा कारखाना, शोभेच्या भांड्यांचा. कारखाना केव्हाच बंद झाला. पण घराण्यातली एक बाई आहे, उर्सुला नावाची, सत्तरीच्या पुढची. ती गावातल्या जुन्या अग्निशमन बंबाच्या खोलीत घराण्याच्या भांड्यांचं दालन उभारते आहे. तिनं एक जुनं चित्र टाकलंय आणि खाली लिहिलंय, हा डबा कुणाकडे आहे का?

चित्रात माझा डबा! बोरूची पानं, चतुर, सगळं. वर झाकण, झाकणावर धरायला एक गोगलगाय. माझ्याकडचं झाकण तेवढं नाही.

रत्ना म्हणाली, "अहो, जेवा आधी. जर्मनी कुठे पळून जात नाही."

१० नोव्हेंबर, रविवार

उर्सुलाबाईंशी बोललो! फोनवर समोरासमोर! मधे दिपमाला, पुण्याहून. बाई इंग्रजीत बोलतात, पोरगी मराठीत सांगते. पांढरे आखूड केस, मागे खिडकी, खिडकीत धुकं. मी डबा वर धरला. त्यांनी चष्मा काढला.

मग सुरू झाल्या. मी वहीच घेऊन बसलो.

मूळ पुरुष एर्न्स्ट. कंबरपट्ट्यांची बकलं नि बटणं पाठीवर घेऊन गावोगाव विकायचा. अरे, हा तर मीच! नदीची वाळू चांगली म्हणून तिथंच घर केलं, वाळूच्या साच्यात ओतकाम सुरू केलं. बायको माल गवतात बांधायची, आणि बांधता बांधता वाकडा नग बाजूला काढायची. नवरा ओरडायचा, ती ऐकायची नाही. त्या एका सवयीवर कंपनीचं नाव झालं! दहा-पंधरा वर्षांत तीनशे माणसं कामाला. तबकं, कॉफीच्या किटल्या, फुलदाण्या, मेणबत्तीची झाडं. कथिलावर चांदीचा हात. राजेरजवाड्यांसारखं दिसायचं, किंमत मास्तरला परवडेल अशी. धंद्याचं मर्म तेच! मी इथं तांब्यांवर तेच करतो, फक्त मला तीनशे माणसं मिळाली नाहीत. मगन आणि अजून दोघे.

रत्ना पडद्यामागून ऐकत होती. म्हणाली, "वाकडा नग बाजूला काढणारी ती बाई मला आवडली." मग माझ्याकडे बघून हसली. कशाला हसली कळलं नाही.

१३ नोव्हेंबर

पुन्हा फोन, तासभर. दोन मुलगे झाले धंद्यात — एक ओतकाम बघायचा, एक चांदीचा मुलामा. दोघांचं पटेना, तेव्हा कारखान्याच्या मधोमध भिंत घातली. किटली इकडे ओतायची, भिंतीला वळसा घालून मुलाम्याला न्यायची! मी म्हटलं, बाई, अशा भिंती दाखवायला तुम्हाला आमच्या बाजारात आणतो.

पहिल्या लढाईत सरकारनं कथील-पितळ उचलून नेलं, देवळातल्या घंटासुद्धा वितळवल्या. दुसऱ्या लढाईत कारखान्यात बंदुकीचे भाग झाले. आणि बाहेरदेशातून धरून आणलेली माणसं तिथं राबवली. हे बाईंनी आपणहून सांगितलं. आवाज खाली केला नाही, वर केला नाही. म्हणाल्या, दालनात हेही लिहिणार आहे, भावकी नको म्हणते तरी. दिपमाला सांगताना अडखळली. मी वहीत तसंच्या तसं उतरवलं.

पुढे लोकांना साधं स्टील आवडायला लागलं. सत्तर-एकाहत्तर साली कुलूप. आता तिथं एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला व्यायामशाळा. भिंत अजून आहे!

१४ नोव्हेंबर

पन्नालालजी सुपारी कातरता कातरता म्हणाले, "रोज संध्याकाळी दुकान सोडून घरी पळता. भाभी नाराज आहे की खूश आहे?" आणखी एक खोटं बोललो. त्यांना डबा दाखवायचा नाही. एकदा का त्यांच्या नजरेला पडला, की म्हणणार, निम्मी भागी!

पासपोर्टचे फोटो काढले. उगाच आपले.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज गोष्टीचं खरं आतडं कळलं.

दोन मुलग्यांखेरीज एर्न्स्टला एक मुलगी होती, क्लारा. उर्सुलाबाईंची आजी. बोरूची पानं, चतुर, गोगलगायी — सगळी चित्रं तिची! कारखान्यामागच्या तळ्यावर बसून काढायची. पण कंपनीच्या मालाच्या छापील यादीत नाव भावांचं. तिचं कुठंच नाही. तेव्हा तिनं एकदा काय केलं — भावांच्या नजरेआड या डब्याच्या साच्यात, बाहेरच्या तळाला, आपलं अक्षर कोरलं. के. नखाएवढं. कंपनीचं नाव आतल्या तळाला असायचं, बाहेर कधीच काही नाही. शे-दोनशे डबे ओतून झाल्यावर भावांना कळलं. साचा फोडला, बनवलेला सगळा माल पेट्यांत भरून परदेशच्या व्यापाऱ्याला विकून टाकला. गावात एकही ठेवला नाही.

हे सगळं आजीनं सांगितलेलं. चुलत भाऊ म्हणतात, म्हातारीच्या गप्पा! चित्र नुसतं काढून काय होतं, पुरावा आण. आठ डिसेंबरला दालन उघडायचं. पाटीवर 'पुत्रांची कला' असं लिहून तयार आहे. 'के' दाखवला तर पाटी बदलणार, क्लाराचं नाव लागणार. गावच्या मंडळानं तसं कबूल केलंय.

बाई म्हणाल्या — दिपमालानं तसंच्या तसं सांगितलं — "अभिमनजी, डबा उलटा धरा."

मी उलटा धरला.

आरसा. माझंच तोंड दिसलं त्यात.

१८ नोव्हेंबर

मगन म्हणतो, "नावाच्या ठिपक्यांखाली काहीतरी उठावाचं लागलं होतं बोटाला. म्हटलं, ओतकामाचा खडा असेल. तुम्हीच म्हटलं, साफ उडव."

मीच म्हटलं होतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. दुकान बंद. शाई लावून आलो आणि डोकं चालायला लागलं — झाकण! लग्नाच्या भांड्यांवर नाव टाकताना आम्ही डब्यावर टाकायचो आणि झाकणावरही, पंगतीत अदलाबदल होऊ नये म्हणून. क्लारा पण आमच्याच जातीची, धातूवाली! तिनंही दोन्हीकडे अक्षर टाकलं असेल तर? उडवलेलं नावही मला पाठ आहे. मशीनवर चढवताना मगननं मोठ्यानं वाचलं होतं आणि या कानात गेलेलं बाहेर येत नाही — सौ. भिकुबाई, देवपूर, धुळे.

नशिराबादच्या बाईचा नंबर कुकरच्या गॅरंटी कार्डावर होता. फोन लावला. भिकुबाई तिची आजेसासू. आहे! हयात आहे! झाकणही तिच्याकडेच!

२१ नोव्हेंबर

पहाटेची एसटी, पारोळ्याला चहा, धुळ्याला उतरून रिक्षा. डबा पिशवीत मांडीवर. गल्लीतल्या तिसऱ्या माणसानं घर दाखवलं.

भिकुबाई खाटेवर. पंच्याऐंशीच्या आसपास, पण आवाज खणखणीत, बोली अहिराणी. खाटेखाली दुधाचं पातेलं, पातेल्यावर झाकण, झाकणावर गोगलगाय! मला उडीच मारावीशी वाटली. "आक्का, जरा बघू?" म्हणून उचललं, उलटं केलं, खिडकीपाशी नेलं. आतून, बाहेरून, कडेनं. ठिपक्याठिपक्यांनी भिकुबाई. बाकी काही नाही. के नाही.

तोवर म्हातारीनं माझ्या पिशवीतला डबा ओढून घेतला. मांडीवर उलटा केला. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"मनं नाव कोठे गये?"

मी म्हटलं, आक्का, पॉलिशमध्ये गेलं.

"तू पुसं का?"

"हो."

"आनि आते झाकन लेवाले उना का? त्यान्हावर बी शे मनं नाव. तेबी पुसी टाक!"

झाकण न्यायला आलो, तर त्यावरचंही नाव पुसून टाक म्हणे! सून पदरात तोंड लपवून हसली. मी खाली बसलो. म्हातारी बोलत राहिली. बाप कापसाच्या एका मारवाडी शेठच्या वखारीत तोलाईला होता. लग्नात शेठनं हा डबा दिला, बापानं तांबटाकडून नाव टाकून घेतलं. पुढे मुलांच्या वाटण्या झाल्या. "बठ्ठी भांडी गयात. हंडा गया, घंगाळ गये. हाऊ एक डबा कोनी मांगा नही, मनं नाव व्हतं त्यावर." चार महिन्यांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होती, तेव्हा नातसून निरुपयोगी म्हणून घेऊन गेली. मग माझं दुकान. मग मगनचं मशीन.

मला झाकण विकत घेण्याचा आकडा काढायचा होता. मनात तयार होता. तोंडातून आलाच नाही.

डबा तिथंच ठेवायला निघालो, तर म्हणाली, "असा नको माले. नाव टाकी लय."

नाव टाकून आणायला डबा घेऊन परत. येताना पारोळ्याला उतरलो नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

उर्सुलाबाईंना सगळं सांगितलं. झाकण नाही, के नाही, मशीन माझं, हुकूम माझा. आणि डबा दालनाला देता येणार नाही, तो दुसऱ्या बाईचा आहे. दिपमाला मधेच म्हणाली, "पप्पा, इतकं सगळं सांगू?" म्हटलं, सांग. किंमतसुद्धा सांग, तीनशे वीस.

बाईंनी विचारलं, त्या आजींचं नाव काय? मी सांगितलं. त्यांनी म्हणून बघितलं, "बिकुबाई." दोन-तीनदा. मग म्हणाल्या, एका डब्यावर दोन बायकांनी नाव टाकलं. माझ्या आजीचं परत येणार नाही. त्यांचं टाका.

पाटी जशी आहे तशी लागेल. चौदा दिवस राहिलेत.

जेवण गेलं नाही. रत्नानं ताट उचललं आणि एवढंच म्हणाली, "तुमच्या हातात अजून अक्षर आहे का?"

२६ नोव्हेंबर

आहे!

पोटमाळ्यावरून जुना खिळा नि हातोडी काढली. दुकानात नावं टाकायचं इलेक्ट्रिक पेन आहे, पण त्यानं उडवलेल्याच्या जागी परत टाकायचं म्हणजे लाज वाटली. कथील मऊ — जोर लागला तर आरपार. आधी मोडीतल्या तुकड्यावर सराव केला. मग एकेक ठिपका. भि-कु-बा-ई. सौ. नाही टाकलं, म्हातारा जाऊन वर्षं झाली. मगन डोकावला. "शेठ, तुमचा हात असा चालतो हे माहीतच नव्हतं." अरे, हातावरच तर आलो इथवर! खूप दिवसांनी मान दुखली, बरं वाटलं.

२८ नोव्हेंबर

धुळे. डबा दिला. म्हातारीनं डोळे मिटून तळावर बोट फिरवलं, माझ्या टिचकीसारखं. "बरं शे. पहिलं अक्षर जरासं वाकडं शे." मग झाकण बसवलं, उघडलं, बसवलं. टप्प असा आवाज येतो — बंद कपाटात काहीतरी ठेवल्यासारखा. निघताना म्हणाली, "च्या पी ले, पुसनारा भाऊ." सून, नातू, सगळे हसले. मीही!

तिचा डबा मांडीवर घेतलेला फोटो उर्सुलाबाईंना पाठवला. त्यांनी तो दालनात लावायला मागितलाय. पण खाली क्लाराचं नाव लिहायची अजून परवानगी नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

आता लपवायला काही उरलं नाही, म्हणून आज पन्नालालजींना सगळी गोष्ट सांगितली, फोटो दाखवला. त्यांनी फोन जवळ घेतला, लांब धरला. "आमच्या आजोबांची कापसाची वखार धुळ्यालाच होती, अभिमनभाऊ. मुंबईच्या लिलावातून विलायती डब्यांची पेटी आणली होती त्यांनी. वखारीतल्या माणसांकडे लग्न निघालं की एक द्यायचे." मग सुपारीचा हिरवा डबा गादीवर रिकामा केला. वरचा जाड ऑइलपेंट त्यांच्या घरच्या झमकूबाईंनी दिलेला, शटरला दिला तोच; पानं-चतुर त्यात बुजून गेलेले. तळाला थिनरचा बोळा घासला.

के. नखाएवढा. उठावाचा.

उर्सुलाबाई फोनवर रडल्या. पाटी बदलते आहे. डबा उद्या कुरियरनं जातो, निम्मी भागी न मागता!

त्याच डब्यावर मी पंचवीस वर्षं रोज टिचकी मारून सुपारी मागतो आहे.